आशाताईला गाव विचारता, मग डॉक्टरला का नाही?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय कारण विषयच दोन्ही खात्यांच्या मधल्या फटीत पडलेला आहे. डॉक्टर निवडायचं आणि शिकवायचं काम एका खात्याकडं, त्या डॉक्टरला गावात नेऊन बसवायचं काम दुसऱ्या खात्याकडं, आणि आम्ही जे पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) बसलोय त्यांना दरवर्षी हेच दिसतं की एका खात्यानं निवडलेली पोरं दुसऱ्या खात्याला पाहिजेत तिथं जायला तयार नसतात, मग बॉण्डची (शिकून झाल्यावर सरकारी सेवा करायच्या कराराची) पत्रं निघतात, पेपरात बातमी येते की डॉक्टर रुजू झाले नाहीत, चार दिवस चर्चा होते आणि खुर्ची रिकामी ती रिकामीच राहते.

मी एमबीबीएस आहे, बारा वर्षं झाली सरकारी नोकरीत, सगळी आदिवासी आणि डोंगरी भागात. पीएचसीचं नाव लिहीत नाही कारण माझी तक्रार कुठल्या एका ऑफिसाची नाहीये. माझं मूळ गाव म्हणजे किनवट तालुक्यातला एक तांडा. वडील एसटीत कंडक्टर होते, आई शेतात जायची, घरात माझ्याआधी कुणी बारावी पास झालेलं नव्हतं. २००७ ला सीईटी देऊन सरकारी कॉलेजला नंबर लागला, तेव्हा मेडिकलची परीक्षा राज्याची होती आणि आपल्या बोर्डाच्या पुस्तकावर होती, ते पुस्तक मी तीनदा-चारदा अक्षरशः पाठ केलं होतं. व्हीजेएचं (विमुक्त जातीचं) आरक्षण नसतं तर लागलो नसतो हेही लिहून टाकतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता मुद्दा. आमच्याकडं आशाताई निवडायची असते तेव्हा सरकारच्याच नियमात पहिली अट काय आहे? ती त्याच गावची रहिवासी पाहिजे, लग्न झालेली, विधवा किंवा घटस्फोटित असावी, म्हणजे गाव सोडून जाणार नाही अशी. २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून ही अट आहे आणि ती अतिशय शहाणपणाची आहे. कारण ज्यांनी नियम केला त्यांना माहीत होतं की शिकवून सगळं येतं, गोळ्या देता येतात, वजन करता येतं, फॉर्म भरता येतो, पण गावातलं कोण कुणाचं ऐकतं आणि कुणाच्या घरी रात्री दार वाजवता येतं हे बाहेरून आणून शिकवता येत नाही. मग साहेब, त्याच पीएचसीच्या डॉक्टरची निवड करताना आपण गावाचं नाव का विचारत नाही? तिथं फक्त नीट परीक्षेत ७२० पैकी किती पडले एवढंच विचारतो. आणि एकदा तेवढंच विचारलं की पुढच्या साडेपाच वर्षांत दुसरं उत्तर कुठून येणार.

याचा अर्थ शहरातली पोरं वाईट असतात असा कुणी काढू नये. माझा हॉस्टेलचा रूम पार्टनर पुण्याचा, आई-वडील दोघं डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल. माणूस सोन्यासारखा. माझी फर्स्ट इयरची इंग्रजी अशी होती की ॲनाटॉमीच्या व्हायवाला तोंडातनं शब्द फुटायचा नाही, तर हा पोरगा रात्री बारा-एकपर्यंत बसून माझ्याकडनं बोलून घ्यायचा. त्याला बॉण्डची पोस्टिंग मिळाली ती डोंगरातल्या पीएचसीला. तो गेला, पळाला नाही. महिनाभर राहिला. क्वार्टरला दार होतं पण कडी नव्हती, पाणी टँकरचं, रात्री एकटा. एकदा मला फोन करून म्हणाला, अरे इथं लोक माझ्याशी बोलतच नाहीत, मी काही विचारलं की हो म्हणतात आणि निघून जातात. त्याचा आवाज मला आजपण आठवतो, रडवेला झाला होता. नंतर घरच्यांनी बॉण्डचे पैसे भरले. आज तो पुण्यात आहे, चांगला सर्जन आहे, मी अवघड पेशंट त्याच्याकडं पाठवतो आणि तो कित्येकदा फी घेत नाही. चूक त्याची नव्हतीच. ज्या जगात तो कधी एक दिवस राहिला नव्हता त्या जगात आपण त्याला एकट्याला नेऊन सोडलं, आणि त्यानं ते सोडलं तर म्हणतो आजकालच्या डॉक्टरांमध्ये सेवाभाव नाही.

हो म्हणतात आणि निघून जातात, यावर जरा थांबतो कारण सगळं इथंच आहे. मी एका पीएचसीला नवीन होतो तेव्हा कोलाम पोडावरची (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची) एक बाई आली, पहिलटकरीण, नववा महिना, पाय सुजलेले, बीपी भरपूर वाढलेलं. माझ्याआधीच्या डॉक्टरांनी कार्डावर तीन वेळा लिहिलं होतं, जिल्हा रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला, नातेवाईक तयार. आणि बाई तीनही वेळा घरी गेली होती. आता कोलामी मला पण येत नाही, माझी भाषा गोरमाटी, बंजाऱ्यांची. पण मला एवढं कळत होतं की ह्या बाईला सल्ला देऊन उपयोग नाही, बाहेर झाडाखाली जी सासू बसलीय तिच्याशी बोलायचं, आणि तिला बीपीचं सांगायच्या आधी विचारायचं की शेळ्या कुणाकडं ठेवणार. शेळ्या सांभाळायला कुणी नव्हतं. परत यायला पैसे नव्हते. नांदेड कधी बघितलेलंच नव्हतं, पण सीमेपलीकडं आदिलाबादला बाजाराला जाणं माहीत होतं, तिथं सोयरे होते. मग शेळ्यांची सोय आशाताईनं केली, गाडी बोलावली, मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देऊन आदिलाबादला पाठवली, सोबत सिस्टर दिली. बाई जगली, लेकरू जगलं. मी काही फार हुशार डॉक्टर नाही, माझ्या रूम पार्टनरला माझ्यापेक्षा दुप्पट मेडिसिन येतं. पण शेळ्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात आला कारण माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षं शेळ्यांपायीच राहिलं होतं.

बरं, हे मी काही नवीन सांगत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी कसे टिकवावेत यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२१ ला त्या सुधारून परत काढल्या, दोन्ही वेळेला शिक्षणाच्या भागात सगळ्यात आधीची शिफारस हीच की ग्रामीण भागातले विद्यार्थी निवडा, कारण खेड्यात वाढलेला विद्यार्थी डॉक्टर होऊन खेड्यात काम करण्याची शक्यता जास्त असते हे देशोदेशी परत परत दिसलंय. जपाननं १९७२ मध्ये जिची नावाचं मेडिकल कॉलेज काढलं, तिथं प्रत्येक प्रांतातून दोन-तीन पोरं निवडतात, फी प्रांत भरतो, आणि शिकून झाल्यावर साधारण नऊ वर्षं त्यानं आपल्याच प्रांतात सांगतील तिथं काम करायचं. थायलंडनं नव्वदच्या दशकात सुरू केलं, जिल्ह्यातली पोरं घ्यायची आणि शेवटची वर्षं त्यांच्याच भागातल्या मोठ्या हॉस्पिटलात शिकवायचं, राजधानीत ठेवायचंच नाही.

आणि लांब कशाला जायचं. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ ला डॉ. सुशीला नायर यांनी काढलं, तिथं प्रवेश परीक्षेत गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा, गेल्यागेल्या आश्रमात शिबिर, प्रत्येक बॅचनं एक गाव दत्तक घ्यायचं, आणि तिथंच पीजी करायचं तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा करून या असा नियम. म्हणजे कोण पोरगं घ्यायचं याचा विचार करणारं कॉलेज आपल्याच राज्यात होतं. नीट सक्तीची झाली आणि तो वेगळा पेपर गेला. नीटमुळं देशभर दहा परीक्षा द्यायचा त्रास वाचला, पैसे देऊन होणारे कितीतरी प्रवेश बंद झाले, हे मला मान्य आहे. पण कॉलेजला आपल्याला कसा डॉक्टर पाहिजे हे ठरवायची जी थोडीफार जागा होती ती पण गेली.

आपण भाषणात नेहमी काही नावं घेतो. डॉ. प्रकाश आमटे, डॉ. मंदाकिनी आमटे, १९७३ पासून हेमलकसा. डॉ. अभय आणि राणी बंग, गडचिरोली. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे, मेळघाटात बैरागड. डॉ. हिंमतराव बावसकर, महाड. दरवेळी एक शब्द वापरतो, त्याग. मला तो शब्द खरा वाटतो पण अपुरा वाटतो. प्रकाश आमटे लहानपणापासून आनंदवनात कुष्ठरुग्णांमध्ये वाढले. अभय बंग वर्ध्याच्या गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढले. बावसकर सर जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरीब शेतकऱ्याच्या घरातले, नोकरी लागली बिरवाडीच्या पीएचसीला आणि तिथं विंचू चावून धडधाकट माणसं मरताना बघितली. ती माणसं मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचायचीच नाहीत म्हणून मोठ्या हॉस्पिटलातल्या कुणाला तो प्रश्न फारसा दिसतच नव्हता. बावसकर सर रात्र-रात्र पेशंटजवळ बसून नोंदी करत राहिले आणि प्राझोसिनची साधी स्वस्त गोळी जीव वाचवते हे जगाला दाखवलं, लॅन्सेट ह्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली. ह्या लोकांनी त्याग केलाच, पण त्याच्या आधी त्यांची त्या जगाशी ओळख होती. आपण त्यागाची वाट बघत बसलोय, आणि ओळख असलेली पोरं दरवर्षी कटऑफच्या खाली राहून जातात.

जामखेडचं तर विसरूच नये. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरला शिकून १९७० मध्ये जामखेडला आले आणि त्यांनी बायका निवडल्या त्या गावातल्याच, कित्येकजणी दलित, लिहिता-वाचता न येणाऱ्या, त्यांना शिकवलं. बंगांनी पण तेच केलं, गावातल्या बायांना नवजात बाळाला सांभाळायला शिकवलं, १९९९ ला लॅन्सेटमध्ये आलं की त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आशाताईची कल्पना असल्याच कामांतून उभी राहिली. म्हणजे गावातला माणूस निवडा हा धडा आपल्या राज्यानं देशाला शिकवलाय, फक्त डॉक्टरच्या पायरीपाशी आल्यावर आपण तो विसरलोय.

आता बॉण्ड. एमबीबीएसचा बॉण्ड मोडला तर दहा लाख, पीजीचा मोडला तर पन्नास लाख, असा दंड बरीच वर्षं होता. कागदावर आकडा मोठा दिसायचा. पण ज्या घरात पोराचा सरकारीला नंबर लागला नसता तर अभिमत विद्यापीठात वर्षाला वीस-बावीस लाख फी भरायची तयारी होती, त्या घराला दहा लाख म्हणजे एका वर्षाच्या फीच्या निम्मे. ते भरायचे आणि मोकळे व्हायचे, माझ्या पार्टनरच्या घरच्यांनी भरले तसे. ज्याच्या बापाकडं दहा हजार नाहीत तो मुकाट्यानं पोस्टिंगला जायचा. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा असला तरी बॉण्ड बांधून ठेवायचा तो फक्त गरिबालाच, आणि तेही एक वर्षच. ते एक वर्षसुद्धा कसं जातं ते मी बघतोय, पोरगं नीट पीजीची पुस्तकं घेऊनच येतं, ओपीडी संपली की खोलीत, त्याला दोष देत नाही, त्याच्या बरोबरचे सगळे अभ्यास करतायत आणि हा मागं पडतोय ही भीती त्याला खात असते. दर वर्षी नवा चेहरा आला की गावातला माणूस विचारतो, हे साहेब किती दिवस?

मला माहितीये की यावर लगेच एक गोष्ट ऐकवली जाईल, मी स्वतः कितीदा ऐकलीय, ती म्हणजे गावाकडच्या पोरालाच गावाकडं यायचं नसतं. हे खोटं नाहीये. माझा परभणीकडचा जवळचा मित्र, पोटापुरती शेती, बारावी लातूरला, दोनदा रिपीट, कोचिंग आणि रूमचे पैसे भरायला दोन एकर गेली. त्याला पहिल्या दिवसापासून घरातनं एकच ऐकायला मिळालं, बाबा तू तरी ह्यातनं सुट. पीजीला सरकारी सीट मिळाली नाही, खाजगीला घेतली, कर्ज झालं, आता पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात आहे, हप्ते चालू आहेत, बहिणीचं लग्न त्यानंच केलं. त्याला मी गावाकडं ये म्हणून कुठल्या तोंडानं म्हणू? गावात दवाखाना टाकायचा तर जागा, सोनोग्राफी, ऑपरेशन थिएटर, स्टाफ, सगळा पैसा पाहिजे. तालुक्याच्या गावाला डॉक्टर म्हणून परत येतो तो बहुतेक वेळा डॉक्टरचाच पोरगा असतो कारण बापाचं हॉस्पिटल तयार असतं. म्हणजे गरीब घरातला तालुक्यालाही येऊ शकत नाही, त्याला पगाराची नोकरीच पाहिजे, मग ती शहरात कॉर्पोरेटची नाहीतर आमच्यासारखी सरकारी.

म्हणून नुसतं गावाचं पोरगं घ्या एवढं म्हणून भागणार नाही हे मला पुरतं कळतं. त्याला कर्जात न बुडवता शिकवावं लागेल. आणि शिकवताना त्याच्यातलं गाव काढून टाकायचं बंद करावं लागेल. मेडिकल कॉलेजात पाच वर्षांत काय होतं ते सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही मराठी मीडियमवाले मागच्या बाकावर. प्रोफेसर लोकांत ज्यांना आम्ही मानायचो ते सगळे सुपर स्पेशालिस्ट, पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचा विषय, ते झोपायचं लेक्चर. जनरल प्रॅक्टिस करीन म्हणणाऱ्याकडं बघून लोक हळहळायचे, की पीजी नाही मिळालं वाटतं. फायनलपर्यंत आम्हा गावाकडच्यांना पण असंच वाटायला लागलं होतं की परत गेलो म्हणजे हरलो. आणि जातीचं न बोललेलं बरं असं म्हणून चालणार नाही, बोललंच पाहिजे. २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची, आदिवासी समाजातली, मुंबईत स्त्रीरोगाचं पीजी करत होती, जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या दोन आई-बापांनी मला विचारलं की पोरीला मेडिकलला घालू का नको. मी काय उत्तर दिलं ते मला आता आठवत नाही, पण ठाम हो म्हणू शकलो नाही हे आठवतं.

दुसरी हरकत येईल, आरक्षण आहे की. आहे, आणि त्याला कुणी हात लावू नये, मी त्याच्यामुळंच आहे. पण आरक्षण जात बघतं, अंतर बघत नाही. माझ्याच प्रवर्गातला अधिकाऱ्याचा पोरगा संभाजीनगरात किंवा ठाण्यात वाढतो, त्याचा हक्क आहेच, पण तांड्यावरची पोरगी त्याच्याशी कशी पुरी पडणार. म्हणून मी जे मागतोय ते वेगळं आरक्षण नाही, समांतर आहे. जसं मुलींसाठी प्रत्येक प्रवर्गाच्या आत ३० टक्के आहे, डोंगरी भागासाठी छोटा कोटा आहे, तसं प्रत्येक प्रवर्गाच्या आत, ओपनमध्ये सुद्धा, ग्रामीण आणि आदिवासी भागात शिकलेल्यांना जागा ठेवा.

७०:३० ची आठवण तुम्हाला असेल, कॉलेजच्या ७० टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना आणि ३० टक्के बाकी राज्याला. २०२० च्या सप्टेंबरात तो प्रादेशिक कोटा रद्द झाला तेव्हा आम्ही मराठवाड्यातल्यांनी पेढे वाटले, आमच्याकडं कॉलेजं कमी, त्यामुळं आमच्या पोरांवर अन्यायच होत होता. पण आता वाटतं की भांडण अर्धंच केलं आम्ही. त्या कोट्यानं विदर्भ, मराठवाडा आणि बाकीचा महाराष्ट्र एवढंच बघितलं, नागपूर शहरातलं पोरगं आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या भामरागडचं पोरगं एकाच रांगेत. तो गेला ते बरं झालं, पण त्याच्या जागी बारकाईनं केलेलं काही आलं नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात एकाच दिवशी दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना अशी नावं वाचून छाती भरून आली होती. पण गडचिरोलीला कॉलेज झालं म्हणून गडचिरोलीला डॉक्टर मिळतील असं नाही साहेब. प्रवेश राज्याच्या आणि देशाच्या यादीतूनच होणार, पोरं बाहेरून येणार, शिकणार आणि निघून जाणार, आणि इमारत राहणार. कॉलेज जवळ आणलंत तसं पोरगंही जवळचंच घेतलं तर त्या इमारतीचं चीज होईल.

खोटे दाखले होतील म्हणाल. होतील, म्हणून नियम असा करा की दाखल्यानं काम भागूच नये. तामिळनाडूनं २०२० मध्ये केलं, सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्यांना ७.५ टक्के जागा, आणि नीट मात्र त्यांनी द्यायचीच. पहिल्याच वर्षी एमबीबीएसच्या तीनशेच्या वर जागा अशा पोरांना मिळाल्या, त्याच्या आधी अशी पोरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी लागायची. आपल्याकडं पाचवी ते दहावी जिल्हा परिषदेची, आश्रमशाळेची किंवा खेड्यातली अनुदानित शाळा धरता येईल. कोचिंगसाठी अकरावीला लातूर-नांदेडला गेलं तर जाऊ द्या, त्यावाचून आज चालत नाही, पण दहावीपर्यंतचं बालपण कुणाला दोन वर्षांत कागदावर बनवता येत नाही.

मेरिट घसरेल हा तिसरा आक्षेप. घसरू नये म्हणून विद्यापीठ आहे ना. आत येताना कुणाला ५८० असोत का ४८०, बाहेर पडताना नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची तीच फायनल सगळ्यांना द्यायचीय, तेच व्हायवा, तेच एक्स्टर्नल. मी पण तीच पास झालोय.

आणि एक गोष्ट आपल्या डोळ्यासमोर आहे पण कुणी तिच्याकडं पुरावा म्हणून बघत नाही. आदिवासी भागासाठीच्या नवसंजीवनी योजनेच्या भरारी पथकात पाड्यापाड्यावर फिरणारे डॉक्टर कोण आहेत? बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी झालेली पोरं, वर्षानुवर्षं मानधनावर. उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून बसलेले कोण? बरेचसे तेच. मी ज्या भरारी पथकाच्या डॉक्टरसोबत पावसाळ्यात नाले ओलांडून गेलोय तो शेजारच्या तालुक्याचा, त्याला प्रत्येक पाड्यातला कुपोषित लेकराचा बाप नावानिशी माहीत. तो टिकला कारण तो तिथलाच आहे. मानधनावर, पेन्शन नाही, तरी टिकला. त्यांच्या जोरावर राज्याचं आदिवासी आरोग्य चालू आहे. त्या माणसांना कायम करायचं काम तर आजच्या आज व्हायला पाहिजे, ते ह्या पत्राचा विषय नाही म्हणून एवढंच लिहितो.

२०१९ ला निवडणुकीच्या तोंडावर बातमी आली होती की एमबीबीएसच्या दहा टक्के आणि पीजीच्या वीस टक्के जागा दीर्घकाळ सरकारी सेवेला तयार असणाऱ्यांसाठी, पाच वर्षं आणि सात वर्षं सेवा. ऐकून आनंद झाला होता. पण त्यात सुद्धा पोरगं कुठलं आहे हे विचारलेलं नव्हतं, आणि शिक्षा मात्र तुरुंगापर्यंत होती. बांधून घालण्यात जेवढं डोकं लावलं त्याच्या निम्मं जरी निवडण्यात लावलं असतं.

निवडलं, शिकवलं, आता राहायचं कसं ते पण सांगतो, थोडक्यात, कारण यावर अर्ज लिहून हात दुखलेत. माझी मुलगी येत्या जूनला पाचवीत जाईल. मी ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो तसल्या शाळेत तिला आतापर्यंत घातली, आता पुढची शाळा सोळा किलोमीटरवर, बस एकच. बायको म्हणते तू रहा, आम्ही नांदेडला जातो. बारा वर्षं इथं काढलेल्या, तांड्यावर जन्मलेल्या माणसाचं घर असं फाटत असेल तर नव्या पोरांचं काय. माझ्या सोबत एक मॅडम होत्या, एमबीबीएस, बौद्ध समाजाच्या, पीएचसीचं क्वार्टर राहण्यासारखं नव्हतं म्हणून त्या गावात खोली बघत होत्या, तीन घरांनी आडनाव विचारून नाही म्हटलं. ज्यांच्या लेकरांना त्या तपासत होत्या त्यातलंच एक घर होतं. त्यांनी सहा महिन्यांत बदली मागितली. गावाची ओळख असणं म्हणजे गाव गोड असणं नव्हे, हे शहरातून सेवाभावाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना कधी समजत नाही. म्हणून निदान क्वार्टर तरी पीएचसीच्या आवारात, कडी-कोयंड्यासकट, आणि नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर एका तालुक्यात पोस्टिंग, एवढं आरोग्य खात्यानं धरूनच चालावं.

माझी मागणी पहिली तर फक्त माहितीची आहे, त्याला कायदा लागत नाही, कोर्टात कुणी जाणार नाही. प्रत्येक सरकारी कॉलेजच्या गेल्या दहा बॅचेस घ्या. प्रत्येक विद्यार्थ्यानं दहावी कुठल्या गावातून केली हे तुमच्याकडं आहे, दाखल्यावर असतं. तो आज कुठं काम करतो हे मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीवरनं आणि एका फोनवरनं कळतं. दोन रकाने शेजारी-शेजारी ठेवा आणि नावं न देता जाहीर करा. डोंगरी कोट्यातून आलेले कुठं गेले, आश्रमशाळेतले कुठं गेले, मुंबई-पुण्याचे कुठं गेले, एकदा दिसू दे सगळ्यांना. माझं चुकत असेल तर त्यात कळेल आणि मी परत पत्र लिहून तसं सांगेन. पण बरोबर असेल तर पुढच्या प्रवेशापासून ह्या नव्या जिल्ह्याच्या कॉलेजांत तरी, सगळीकडं नको, गडचिरोली, नंदुरबार, हिंगोली असल्या ठिकाणी त्या-त्या भागातल्या पोरांसाठी जागा ठेवून बघा.

आमच्या पीएचसीच्या एका आशाताईची पोरगी आहे. आईसोबत लसीकरणाला यायची तेव्हापासून बघतोय, कोल्ड बॉक्स धरून बसायची, आता रजिस्टर आईपेक्षा चांगलं भरते. पोडावरच्या म्हाताऱ्या बायका माझ्याआधी तिला सांगतात काय दुखतंय ते, कारण तिला गोंडी येते, थोडी कोलामी पण. तिनं नीट दोनदा दिली, माझ्या जुन्या पुस्तकांवर आणि मोबाईलवरचे फुकटचे व्हिडिओ बघून, दुसऱ्या वेळी मार्क चांगले वाढले पण सरकारी सीटपासून लांबच राहिली. परवा ओपीडी संपल्यावर आली आणि विचारलं, सर तिसऱ्यांदा देऊ का जीएनएम नर्सिंगला जाऊ, फॉर्मची तारीख जवळ आलीय. मी तिला चार दिवस थांब म्हणालोय. उत्तर लवकर कळवावं ही विनंती.

आपला,
एक वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र